‘निफाडला पारा पाचवर, मग तापमानवाढ कुठंय?’ : हवामान बदलाबद्दलच्या फसव्या युक्तिवादांना उत्तर कसं द्यावं

जानेवारीतली सकाळ. निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी काका रात्रभर बागेत जागे होते. कडाक्याच्या थंडीनं द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून त्यांनी ओळींमधून शेकोट्या पेटवल्या होत्या. ओसरीवर चहा घेताना त्यांच्या अंगाला अजून धुराचा वास होता. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "पारा पाचवर आलाय. आणि तुमचे शास्त्रज्ञ म्हणतात जग तापतंय. वाच हे काय आलंय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला वाटलं, हे तर सोपं आहे. हरितगृह वायू, ध्रुवांवरचा बर्फ, समुद्राची पातळी असं दहा मिनिटं मी बोलत राहिले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू शिकलेली आहेस बाई, तुझंच खरं." मग उठून बागेत गेले. आपल्याकडे मोठं माणूस ‘तुझंच खरं’ म्हणतं तेव्हा त्याला पटलेलं नसतं, बोलणं फक्त संपलेलं असतं.

त्यानंतर कितीतरी वेळा हाच विषय निघाला. कधी शिक्षकांच्या खोलीत, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी नात्यातल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. काय बोलल्यानं दार बंद होतं आणि काय बोलल्यानं किलकिलं होतं, हे हळूहळू कळत गेलं. तेच इथे पायरीपायरीनं लिहिते.

पहिली पायरी: उत्तर कुणासाठी देताय ते ठरवा

चुकीचा संदेश पुढे पाठवणारा एक असतो, त्याच्याशी वाद घालणारे एकदोन असतात आणि गप्प राहून वाचणारे सगळ्यांत जास्त असतात. तुमचं उत्तर बहुधा या गप्प माणसांसाठी असतं. ज्याचं मत राजकारणाशी किंवा स्वतःच्या ओळखीशी घट्ट बांधलं गेलंय, तो एका संध्याकाळी बदलणार नाही. शेजारी बसलेली त्याची सून मात्र ऐकत असते, नववीतला नातूही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोडून काढू नका. आधी फोन करा किंवा समोर बसून बोला. संदेश ग्रुपवर येऊनच गेला असेल तर तिथे चार ओळींचं शांत उत्तर टाका आणि बाकीचं खासगीत बोला. फारसा कुणी पाहिलेलाच नाही असा दावा मात्र खोडायला म्हणून पुन्हा उचलू नका. त्यानं तोच चार नव्या लोकांपर्यंत जातो.

दुसरी पायरी: दावा त्यांच्याच शब्दांत परत सांगा

"म्हणजे काका, तुमचं म्हणणं असं ना, की यंदा एवढी थंडी पडली, तर पृथ्वी तापतेय हे खरं कसं?" समोरून ‘हो’ आलं की मगच पुढे जा. या एका वाक्यानं दोन गोष्टी होतात. समोरच्याला कळतं की आपलं ऐकलं गेलंय. आणि नेमक्या कुठल्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तेही ठरतं, नाहीतर ते थंडीबद्दल विचारतात आणि आपण ध्रुवावरचा बर्फ सांगत बसतो.

मग विचारा, "हे तुम्हाला कशामुळे वाटतं?" हा प्रश्न मनापासून विचारा. काकांनी मला जे उत्तर दिलं ते हवामानाचं नव्हतंच. "उद्या हे कारण पुढे करून आमचा युरिया बंद करतील, विजेचे दर वाढवतील, आणि शहरातल्या गाड्या तशाच धावतील." ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तिचं उत्तर वेगळं आहे आणि ते थर्मामीटरच्या आकड्यांत सापडत नाही. भीती वेगळी काढून ठेवली, तिला ‘हा प्रश्न रास्त आहे’ असं म्हटलं, की तापमानाबद्दल बोलणं सोपं होतं.

तिसरी पायरी: युक्तिवाद कुठे निखळतो ते शोधा

इथे सगळ्यांत जास्त मेहनत करा. फसव्या संदेशातला आकडा पुष्कळदा खरा असतो. निफाडचा पारा खरोखरच पाचवर आलेला असतो. मोडलेला असतो तो आकड्यापासून निष्कर्षापर्यंतचा सांधा. तो दाखवता आला तर तशाच दहा संदेशांना पुढच्या वेळी समोरचा माणूस स्वतःच ओळखतो.

सगळ्यांत जास्त भेटतो तो निवडक पुराव्याचा प्रकार. द्राक्षवाल्यांना तो लगेच कळतो. पेटीत वरच्या थरात टपोरे घड मांडायचे, खाली गळके मणी लपवायचे आणि वरचा थर दाखवून पेटी विकायची. एका गावातली एक थंड पहाट हा वरचा थर आहे. उत्तरेकडे पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, येऊन गेला की थंड वारे खाली उतरतात, निफाड गारठतं. हे हवामान झालं, चार दिवसांचं. ज्याला आपण हवामान बदल म्हणतो तो तीस-तीस वर्षांच्या सरासरीत पाहतात. आपल्या हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. सबंध जगासाठीही तेच वर्ष सर्वांत उष्ण होतं, औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या मानानं दीड अंशाहून जरा जास्त. तापणाऱ्या जगातही थंडीच्या लाटा येणारच. ‘१९९८ नंतर तापमान वाढलंच नाही’ हा एकेकाळी गाजलेला दावाही याच जातीचा. १९९८ हे जोरदार एल निनोचं (त्यात प्रशांत महासागराचं पाणी तापतं), म्हणून नेहमीपेक्षा उष्ण वर्ष. मोजणी शिखरावरून सुरू केली की पुढचा रस्ता सपाट दिसतो.

दुसरा प्रकार, एका कारणावरून दुसरं कारण पुसून टाकणं. "हवामान तर नेहमीच बदलत आलंय, हिमयुगं काय गाड्यांमुळे आली का?" नाही आली, आणि हे आधी मोकळेपणानं मान्य करा. मग सांगा, कडब्याच्या गंजीला वीज पडूनही आग लागते, म्हणून शेजारी काडेपेटी घेऊन सापडलेला माणूस आपोआप निर्दोष होत नाही. पुरावे पाहावे लागतात, आणि इथे ते आहेत. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतोय. उष्णता खालीच अडकली तरच असं होतं. उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजताहेत, तिच्यात वाढीचा कल नाही. ज्वालामुखी? ते वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. शिवाय कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यांच्यात कार्बन-१४ हा काळाबरोबर नष्ट होत जाणारा कार्बनचा प्रकार उरलेलाच नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये ही जुनी, कार्बन-१४ नसलेली भर पडतेय हे शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच ओळखलं.

तिसरा प्रकार अशक्य अपेक्षेचा. "हवामान खात्याला उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, पन्नास वर्षांनंतरचं काय सांगणार?" यावर मला आयुर्विम्याचं उदाहरण सगळ्यांत उपयोगी पडलंय. अमुक माणूस कधी जाणार हे विमा कंपनीला सांगता येत नाही. पण लाखो माणसांत कुठल्या वयाचे किती जातील हे तिला पक्कं ठाऊक असतं, त्यावरच हप्ता ठरतो. उद्याचा पाऊस हा एका माणसाचा प्रश्न आहे आणि तीस वर्षांची सरासरी लाखोंचा. शिवाय जुने अंदाज आता तपासून पाहता येतात. १९७० ते २००७ या काळात मांडलेल्या १७ अंदाजांची २०१९ मध्ये पडताळणी झाली. प्रत्यक्षात किती वायू सोडला गेला तो हिशेब धरला तर त्यांतले १४ बरोबर निघाले.

उरले दोन प्रकार, ते लवकर आटोपतात. खोटे तज्ज्ञ: ‘३१ हजार शास्त्रज्ञांनी नाकारलं’ असं सांगणारी अमेरिकेतली याचिका १९९८ ची आहे. विज्ञानाशी संबंधित विषयाचा पदवीधर कुणीही तिच्यावर सही करू शकत होता, हवामानाचा अभ्यास करणारे त्यात नगण्य होते. मोतीबिंदूबद्दल आपण दातांच्या डॉक्टरांना विचारत नाही. आणि कारस्थान: ‘शास्त्रज्ञ अनुदानासाठी घाबरवतात.’ त्यावर इतिहास सांगा. कार्बन डायऑक्साइड भरलेली बरणी उन्हात जास्त तापते हे युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्येच प्रयोग करून दाखवलं. तो वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियसनं १८९६ मध्ये हातानं मांडला. तेव्हा कुठलं अनुदान होतं? एक्झॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेले तापमानवाढीचे अंदाज २०२३ मध्ये तपासले गेले, तेही बहुतेक बरोबर ठरले. तेल विकणाऱ्यांच्या घरातल्या माणसांचाही हिशेब तोच आला.

चौथी पायरी: खरं आधी, खोटं मधे एकदाच, शेवटी पुन्हा खरं

‘लोक म्हणतात की...’ अशी सुरुवात केली की लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. म्हणून पहिलं वाक्य खऱ्या गोष्टीचं ठेवा. मग ‘असा एक संदेश फिरतोय’ असं सांगून दावा एकदाच लिहा, त्यातली खोट दाखवा, आणि खऱ्या गोष्टीवर परत येऊन थांबा. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तो काय करणार, असा संदेश ग्रुपवर आला तेव्हा मी लिहिलेलं उत्तर असं होतं:

"हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा असला तरी पृथ्वीची ऊब धरून ठेवायला पुरेसा आहे. असे उष्णता धरणारे वायू हवेत नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ‘इतकंसं काय करणार’ हा दावा टक्का दाखवतो आणि परिणाम झाकतो. आपण द्राक्षाला जीए दहा पीपीएम मारतो तेव्हा घड लांबतो की नाही? हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम होता, तो आता ४२० च्या वर गेलाय. गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या फार वर कधी गेला नव्हता, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून कळतं."

ग्रुपवर निम्मे द्राक्षवाले. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, हे त्यांना मला समजावावं लागलं नाही, उलट त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. जीएचं, म्हणजे घड लांबवणाऱ्या संजीवकाचं, द्रावण दहाऐवजी पंधरा पीपीएम झालं तर काय होतं, हे त्यांनी स्वतःच्या बागेत पाहिलेलं असतं. उत्तर शोधताना समोरच्याच्या हातात रोज कुठलं माप असतं ते आधी पाहा. कोळ्याकडे भरती-ओहोटीचं असतं, गवळ्याकडे फॅटचं, नर्सकडे तापाचं. ९८.६ वरून १०१ म्हणजे फक्त अडीच अंश, पण घरात झोप कुणाला लागते?

पाचवी पायरी: आपल्याकडचा आकडा द्या

ध्रुवीय अस्वलानं येवल्यात कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडचं काम पुण्यातच झालेलं आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन तयार केलेला, भारतापुरता अहवाल केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं २०२० मध्ये काढला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, १९५१ ते २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं पाणी सुमारे एक अंशानं तापलं, मोसमी पाऊस सरासरीनं साधारण ६ टक्क्यांनी घटला, आणि तरी मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग जवळपास पाऊणपट वाढले, असं त्यात नोंदलंय. एकूण पाऊस कमी आणि ढगफुटीसारखा पाऊस जास्त, हे शेतकऱ्याला सांगून पाहा. तो मान हलवतो, कारण उघडीप लांबते आणि मग एका रात्रीत माती वाहून जाते, हे त्यानं पाहिलेलं असतं.

"कार्बन डायऑक्साइड तर पिकांचं अन्न आहे, वाढला तर चांगलंच" हा दावा आपल्या पिकांवरच घासून पाहा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिकं हा वायू मुळातच काटकसरीनं पकडतात, त्यांना जास्तीचा फारसा लाभत नाही. गहू, भात, सोयाबीन, कापूस यांना काही लाभ होतो. पण मोकळ्या शेतात हा वायू वाढवून केलेल्या प्रयोगांत गहू-भाताच्या दाण्यातली प्रथिनं, जस्त आणि लोह घटलेलं दिसलं. आणि फुलोऱ्यात उष्णतेची लाट आली की मिळालेला लाभही जातो.

सहावी पायरी: स्वतः ताणून बोलू नका

याबाबत मी आग्रही आहे, कारण आपल्या बाजूची माणसं इथेच घसरतात. "बहात्तरचा दुष्काळ काय हवामान बदलानं पडला होता का?" असं कुणी विचारलं तर सरळ म्हणा, "तसं म्हणता येत नाही, दुष्काळ पूर्वीही पडत." आजचा प्रश्न दुष्काळ पडतो का हा नाही. तापलेल्या हवेत जमिनीतली ओल लवकर उडते, आणि तोच पावसाचा खंड पूर्वीपेक्षा महाग पडतो, हा आहे.

तसंच प्रत्येक पुराचं खापर हवामान बदलावर फोडू नका. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एक अंशानं तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे अशा पावसाची शक्यता वाढते, एवढं ठामपणे सांगता येतं. पण मिठी नदीचं पात्र कुणी आवळलं, नाल्यांत काय भरलं होतं, हे प्रश्न हवामानाचे नाहीत. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरातही निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, उभ्या राहिलेल्या बांधकामांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ‘हवामान बदलामुळे झालं, आम्ही काय करणार’ असं सत्तेतला माणूस म्हणतो तेव्हा तोही एक फसवा युक्तिवादच असतो, आणि त्यालाही तितक्याच सडेतोडपणे उत्तर द्यायला हवं. दोन्हीकडे एकच माप लावणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात.

सातवी पायरी: ‘खरं आहे, पण आपण का?’

हल्ली तापमानवाढ सरसकट नाकारणारे कमी भेटतात. त्यांच्या जागी हे भेटतात: "अमेरिकेनं शंभर वर्षं धूर सोडला, आता आम्हाला शहाणपण?" यातलं पहिलं वाक्य खरं आहे, ते खोडायला जाऊ नका. भारताचं दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं चौदाच्या आसपास. आजवर साठलेल्या एकूण उत्सर्जनात आपला वाटा चार टक्क्यांहून कमी. जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेपासून जगानं मान्य केलंय. पण आजच्या एकूण उत्सर्जनात आपण जगात तिसरे आहोत, आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं हे भारतानं स्वतःच २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर केलंय. मागची बाकी कुणाची हे ठरेपर्यंत अरबी समुद्र तापायचा थांबणार नाही.

इथे काकांच्या भीतीकडे परत जाता येतं. रात्री अडीचला वीज येते म्हणून बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला सौर पंप म्हणजे दिवसा पाणी. त्याच्याशी पृथ्वी वाचवण्याच्या भाषेत बोलायची गरज नाही. "झाडं लावली की झालं" म्हणणाऱ्यांना सांगा, झाडं लावाच, सावलीसाठी आणि पाण्यासाठीही. पण जमिनीखालून काढलेला कोट्यवधी वर्षांचा कोळसा रस्त्याकडेच्या रोपांत मावत नाही, आणि वणवा लागला की झाडांनी धरलेला कार्बन एका दुपारी परत हवेत जातो.

आठवी पायरी: कुठे थांबायचं

समोरचा एका मुद्द्याचं उत्तर न ऐकता दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर उडी मारू लागला, की "आधी थंडीचं संपवू, मग बाकीचं" असं एकदा म्हणा. तरीही उड्या चालूच राहिल्या तर चहा घ्या आणि उठा. आवाज चढला की गप्प बसलेल्यांना फक्त भांडण आठवतं. काही सांगता आलं नाही तर "बघून सांगते" म्हणा, आणि दोन दिवसांत खरंच सांगा.

काकांशी माझं पुढचं बोलणं झालं ते वर्षभरानं, त्यांच्या वहीवरून. कुठल्या वर्षी खरड छाटणी कधी घेतली, ऑक्टोबरची कधी, डाऊनी रोगासाठी किती फवारण्या झाल्या, पाऊस कुठल्या तारखेला पडला, सगळं त्यांनी बॉलपेननं लिहून ठेवलंय. काही पानं औषधाच्या डागांनी हिरवट झालीत. मी म्हटलं, "काका, मला ही वाचायची आहे." एका वहीवरून हवामान बदल सिद्ध होत नाही हे मी आधीच सांगितलं, नाहीतर वरचा थर दाखवून पेटी विकल्याचा दोष माझ्याकडेच आला असता. आम्ही दोघांनी फुलोऱ्यातल्या पावसाच्या नोंदी एकेक करून कागदावर उतरवल्या. ते गप्प होते, पण या वेळी उठून गेले नाहीत.

नंतर एकदा त्यांचा फोन आला. जग तापतंय की नाही हा विषयच त्यांनी काढला नाही. "नोव्हेंबरात पाऊस असा वरचेवर यायला लागला तर छाटणी पुढे घ्यायची की मागे?" मला उत्तर माहीत नव्हतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे विचारून सांगते म्हटलं. ते म्हणाले, "विचार. वहीची पानं घेऊन मीच येतो तिथे."